इंजिनाचा 'टॉप' नेमका कुठे? क्रँकवर टीडीसी अचूक शोधण्याची रीत

एक नंबरचा पिस्टन सिलिंडरमध्ये वर चढत जिथे थबकतो आणि खाली वळतो, त्या जागेला गॅरेजमध्ये 'टॉप' म्हणतात आणि पुस्तकात टीडीसी (टॉप डेड सेंटर). स्पार्क किती अंश आधी पडावा, इनलेट व्हॉल्व्ह कधी उघडावा, डिझेल कधी फवारले जावे, ही सगळी मोजणी या एका बिंदूपासून होते. शून्यच चुकीचे धरले, तर पुढचा प्रत्येक आकडा तेवढ्याच अंशांनी चुकतो, मग हातातला टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) कितीही चांगला असो.

नागपुरात ही चूक लवकर उघडी पडते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि बॉनेटखालची हवा त्याहूनही तापलेली असते. अशी हवा ओढणारे पेट्रोल इंजिन नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप पेटून खटखट होण्याच्या) काठावरच चालत असते. खुणेतल्या चुकीमुळे स्पार्क 3 अंश लवकर पडत असेल, तर जानेवारीत काही कळत नाही, पण उन्हाळ्यात वरच्या गिअरमध्ये उड्डाणपूल चढताना खटखट ऐकू येते. 3 अंश उशिरा पडत असेल, तर आवाज येत नाही, पण गाडी मरगळते, पेट्रोल जास्त खाते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. आवाज नसल्याने ही दुसरी चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

क्रँकच्या, म्हणजे पिस्टन वर-खाली नेणाऱ्या दांड्याच्या, पुलीवर कंपनीची टीडीसीची खूण असतेच, मग शोधायचे काय, असे वाटू शकते. पण बऱ्याच गाड्यांची क्रँक पुली दोन तुकड्यांची असते. मधला हब, बाहेरची जड कडी आणि दोघांमध्ये रबर. क्रँकची थरथर शोषण्यासाठी हे रबर असते. उष्णता आणि गळणारे ऑइल यांनी ते कडक होते, सुटते, आणि बाहेरची कडी हबवरून हळूहळू सरकते. खूण बाहेरच्या कडीवर असते, त्यामुळे तीही सरकते. भंगारातून आणलेली पुली किंवा दुसऱ्या मॉडेलचे टायमिंग कव्हर बसवले असेल, तरी खूण आणि कव्हरवरचा काटा जुळतीलच असे नाही. क्रँकच्या नाकावरची (पुढच्या टोकावरची) चावी, म्हणजे पुलीला जागेवर धरणारी पट्टी, किंवा तिची खाच झिजली, तर पुली सैल बसते. शिवाय खूण वाकून, तिरक्या नजरेने पाहिली जाते, तेवढ्यानेही अंशभराचा फरक सहज पडतो.

टॉपवर टॉप सापडत नाही

नेहमीची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. प्लग काढायचा, भोकात स्क्रूड्रायव्हर घालायचा, क्रँक फिरवायचा आणि स्क्रूड्रायव्हर वर यायचा थांबला की टॉप आला म्हणायचे. डिस्ट्रिब्युटर ढोबळमानाने बसवायला एवढे पुरते. अचूक शून्य मात्र असे मिळत नाही, आणि त्याचा दोष हाताला किंवा डोळ्याला देण्यात अर्थ नाही. कारण क्रँकच्या भूमितीत आहे. झोका टोकाला जसा क्षणभर लटकून राहतो, तसा पिस्टन टॉपजवळ जवळजवळ थांबलेला असतो आणि क्रँक मात्र फिरतच असतो.

आकड्यांत पाहू. जुन्या मारुती 800 चा बोअर 68.5 मिमी आणि स्ट्रोक 72 मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या 36 मिमी. कनेक्टिंग रॉडची लांबी त्रिज्येच्या सुमारे 3.3 पट धरली, तर क्रँक टॉपपासून 1 अंश फिरल्यावर पिस्टन फक्त 0.007 मिमी खाली येतो. साध्या डायल गेजवरचा एक भाग 0.01 मिमीचा असतो, म्हणजे काटा एक भागही हलत नाही. 2 अंशांना जेमतेम 0.03 मिमी, 5 अंशांना 0.18 मिमी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीकडे पाहून यातले काहीच दिसणार नाही, 5 अंश इकडे-तिकडे झाले तरी कळणार नाही.

आता तोच पिस्टन टॉपपासून 27 अंशांवर पाहा. तिथे तो सुमारे 5 मिमी खाली असतो आणि क्रँकच्या प्रत्येक अंशाला 0.36 मिमी सरकतो. टॉपजवळच्या पहिल्या अंशाच्या तुलनेत हे 50 पट आहे. म्हणून टॉप शोधायचा तर टॉपवर थांबू नका. आधी आणि नंतर, दोन्ही बाजूंच्या उतारावर, पिस्टन अगदी सारख्याच उंचीवर असताना क्रँकचे दोन कोन नोंदवा. पिस्टनची चाल दोन्हीकडे सारखी असते, त्यामुळे या दोन कोनांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. अचूक पद्धती सगळ्या याच एका तत्त्वावर उभ्या आहेत, फरक फक्त 'सारखी उंची' कशाने पकडायची एवढाच.

(पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी गजन पिन पिस्टनच्या मध्यापासून साधारण मिलिमीटरभर बाजूला असते, त्यामुळे चाल पूर्ण सारखी नसते, असा आक्षेप जाणकार घेतील. तो रास्त आहे, पण 20 ते 30 अंशांच्या उतारावर मध्य काढला तर त्याने येणारी चूक अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहते. ती सोडून द्या.)

पिस्टन स्टॉप

हेड न उघडता काम करायचे असेल, तर सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पिस्टन स्टॉप: प्लगच्या भोकात बसणारा आणि पिस्टनला ठरलेल्या उंचीवर अडवणारा खुंटा. तो जुन्या स्पार्क प्लगपासून घरीच बनतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या प्लगचे आटे 14 मिमी व्यासाचे, 1.25 पिचचे असतात, तरी आपल्या गाडीचाच जुना प्लग घ्या, म्हणजे आटे आणि त्यांची लांबी दोन्ही जुळतात. षटकोनाच्या वर जिथे धातू चिनीमातीवर वळवलेला असतो, ती कड हॅकसॉने किंवा ग्राइंडरने कापा आणि चिनीमाती बाहेर काढा. डोळ्यांवर चष्मा हवाच, तिचे कण काचेसारखे उडतात. खालचा वाकडा इलेक्ट्रोड कापून टाका. मग आतून 6.8 मिमी ड्रिल मारून एम 8 चे आटे पाडा आणि पूर्ण आट्यांचा लांब बोल्ट लॉकनटसह बसवा.

बोल्टचे टोक धारदार ठेवू नका. पिस्टन अॅल्युमिनियमचा आहे, पोलादी कडेने त्यावर खळगा पडतो. टोक फाइलने गोल करून पॉलिश पेपर फिरवा. त्याहून बरे म्हणजे इतवारीतल्या लोहा ओळीतून किंवा जिथून तुम्ही धातू घेता तिथून पितळी सळईचा तुकडा घ्यायचा आणि लेथवर आटे पाडून घ्यायचे. हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्यासाठी हे थोड्या वेळाचे काम आहे. बोल्टमधून आरपार 2 मिमीचे भोक पाडता आले तर पाडा, अडकलेली हवा त्यातून निघून जाते आणि पिस्टन टेकल्याची जाणीव स्वच्छ होते.

इंजिन थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गिअर न्यूट्रलला. फक्त एक नंबरचा नव्हे, सगळेच प्लग काढा. बाकीच्या सिलिंडरांत दाब राहिला तर क्रँक झटके देत फिरतो आणि टेकल्याची जाणीव हरवते. काढण्याआधी प्लगभोवतीची धूळ हवेने किंवा ब्रशने साफ करा.

एक नंबरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक ओळखणे सोपे आहे. भोकावर अंगठा धरून क्रँक चालीच्या दिशेने फिरवा, हवा अंगठा ढकलायला लागली की पिस्टन कॉम्प्रेशनवर चढतो आहे. मग प्लास्टिकची लांब स्ट्रॉ भोकात सोडून ढोबळ टॉपवर आणा. लोखंडी काही घालू नका. प्लगचे भोक तिरके असेल, तर चढता पिस्टन सळईला भिंतीशी कचाट्यात पकडतो, आणि मग आटे तरी जातात किंवा सिलिंडरला ओरखडा तरी येतो. चार सिलिंडर आणि 1-3-4-2 चा फायरिंग क्रम असेल, तर एक नंबर फायरिंग टॉपवर असताना चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह हलण्याच्या बेतात असतात, ही खात्री करायची जुनी खूण आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकपिना 120 अंशांवर असल्याने एक नंबरला असा जोडीदारच नसतो, तिथे अंगठा किंवा सैल रॉकर (व्हॉल्व्ह बंद असल्याची खूण) हाच पुरावा.

आता स्टॉपची खोली. ढोबळ टॉपवर स्टॉप प्लगसारखा हाताने पूर्ण बसवा आणि मधला बोल्ट पिस्टनला अलगद टेकेपर्यंत फिरवा. स्टॉप काढा, बोल्ट आणखी 4 फेरे आत घ्या. 1.25 पिचचे 4 फेरे म्हणजे 5 मिमी, आणि वर पाहिल्याप्रमाणे 5 मिमी म्हणजे जवळपास 27 अंशांचा उतार. लांब स्ट्रोकच्या इंजिनात कोन थोडा कमी येईल, त्याने काही बिघडत नाही. लॉकनट घट्ट आवळा. यापुढे ही लांबी अजिबात बदलता कामा नये, सगळा हिशेब तिच्यावरच आहे.

क्रँकच्या पुलीवर अंशांची चकती बसवा. बाजारातली मिळाली तर उत्तमच. नाहीतर 180 मिमी व्यासाचे कोनचित्र छापून अॅक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवले तरी चालते, त्यावर 1 अंश म्हणजे 1.57 मिमी. मध्यभागाचे भोक सैल नको, चकती केंद्रापासून ढळली तर अंश एका बाजूला पसरतात आणि दुसऱ्या बाजूला आवळतात. काट्यासाठी 2-3 मिमीची वेल्डिंगची तार ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टाखाली दाबा आणि टोक चकतीच्या अगदी जवळ आणा, म्हणजे नजर तिरकी झाली तरी फरक पडणार नाही. ढोबळ टॉपवर चकतीचे शून्य काट्यासमोर ठेवा.

क्रँक ढोबळ टॉपच्या 60 अंश मागे न्या, स्टॉप बसवा आणि चालीच्या दिशेने हळूहळू फिरवा. बहुतेक इंजिने पुलीकडून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचे मात्र उलटे फिरते, त्यामुळे आपले इंजिन आधी तपासा. छोटा रॅचेट वापरा, लांब पाइप नको, आणि स्टार्टर तर चुकूनही नको. पिस्टन टेकला की थांबा. पुढे दाबलेत तर बोल्ट वाकेल किंवा पिस्टनवर खळगा पडेल, आणि वाकलेल्या बोल्टाचे मोजमाप तर आणखी चुकेल. चकतीवरचा आकडा लिहा, समजा टॉपच्या आधी 24.

इथे अनेक जण क्रँक तिथूनच उलटा फिरवत जवळजवळ 300 अंश मागे जाऊन दुसरी बाजू गाठतात. यात दोन धोके आहेत. एक, तसे जाताना पिस्टन एक्झॉस्टनंतरच्या टॉपच्या उतारावर पोहोचतो, तिथे इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो आणि तो स्टॉपवर आपटू शकतो. दोन, टायमिंग बेल्टच्या इंजिनात एवढे उलटे फिरवले तर बेल्टची सैल बाजू बदलते आणि दात सुटण्याची भीती असते. म्हणून स्टॉप काढून घ्या, क्रँक पुढेच फिरवत टॉप ओलांडून सुमारे 60 अंशांपर्यंत न्या, स्टॉप पुन्हा त्याच खोलीवर बसवा आणि मग थोडेसेच उलटे येऊन पिस्टन टेकवा. स्टॉप दोन्ही वेळा सारखाच बसायला हवा: एकच वॉशर, हाताने सारखाच आवळलेला. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोन्ही वेळा पिस्टन वर चढताना टेकतो. हे दुसरे फार महत्त्वाचे आहे. बिग एंड, स्मॉल एंड (कनेक्टिंग रॉडची दोन टोके) आणि बेअरिंगमधला खेळ चढताना एकाच बाजूला दाबला जातो, म्हणून तो दोन्ही नोंदींत सारखा येतो आणि मध्य काढताना निघून जातो. ज्यांच्या मॅन्युअलमध्ये क्रँक उलटा अजिबात फिरवू नका असे लिहिले आहे, त्यांनी बेल्ट काढलेला असतानाच ही पद्धत वापरावी किंवा खालची डायल गेजची रीत घ्यावी.

उलट फिरवताना आणखी एक फसवणूक होते. क्रँक पुलीचा बोल्ट सहसा उजव्या आट्यांचा असतो. त्यालाच सॉकेट लावून उलटे फिरवले तर बोल्ट सैल होतो, क्रँक जागेवर राहतो आणि चकती तेवढी सरकते. आकडा खोटा येतो आणि कारण लक्षातही येत नाही. उलटे फिरवायचे तर फ्लायव्हीलच्या दात्यांवरून फिरवा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत दुसरा मार्ग आहे: मागच्या चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक ओढा, एक पुढचे चाक स्टँडवर उचला (फक्त जॅकवर नको), वरचा गिअर टाका आणि ते चाक हाताने फिरवा. क्रँक अगदी सावकाश सरकतो.

समजा दुसरी नोंद टॉपच्या नंतर 30 आली. 24 आणि 30 मिळून 54, अर्धे 27. म्हणजे चकतीवर टॉपनंतर 3 अंश जिथे दिसते, तिथे खरा टॉप आहे. क्रँक टेकलेलाच ठेवा आणि काटा वाकवून 27 वर आणा. मग दोन्ही बाजू पुन्हा टेकवून पाहा. दोन्हीकडे 27 आले तरच चकतीचे शून्य खरे. एकीकडे 27 आणि दुसरीकडे 26 येत असेल तर काहीतरी हलते आहे: काटा, चकती किंवा लॉकनट. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चकती बसायला जागाच नसेल, तरी काम अडत नाही. पुलीच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि दोन्ही वेळा पिस्टन टेकल्यावर कव्हरवरच्या काट्यासमोर टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. दोन रेघांमधला लहान कंस कागदाच्या पट्टीवर उतरवा, पट्टी तेवढीच कापा आणि बरोबर मधोमध दुमडा. घडी जिथे येते तिथे टीडीसीची खूण. आकडेमोड नाही, त्यामुळे हिशेबाची चूकही नाही. 130 मिमीच्या पुलीवर 1 अंश म्हणजे 1.13 मिमी आणि 54 अंशांचा कंस 61 मिमीचा. रेघ अर्धा मिमी चुकली तरी मध्य फक्त पाव मिमी, म्हणजे अंशाच्या पाचव्या भागाएवढाच, चुकतो. मोठ्या कंसाचा मध्य मात्र घेऊ नका, तो खालचा टोकबिंदू आहे.

हेड उघडे असेल तर

मग डायल गेज घ्या. मॅग्नेटिक स्टँड बिडाच्या ब्लॉकला धरतो, अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला नाही. तिथे हेडच्या बोल्टच्या भोकात लोखंडी पट्टी आवळून तिच्यावर स्टँड बसवा. गेजचे टोक पिस्टनच्या मध्यावर, गजन पिनच्या रेषेत टेकवा. कडेला टेकवले तर पिस्टन सिलिंडरमध्ये डुलतो, ते डुलणे गेज उंचीत मोजते आणि टॉप ओलांडताना पिस्टन नेमकी बाजू बदलतो. काटा सर्वांत वर गेला तिथे शून्य करा आणि टॉपच्या आधी व नंतर 3.00 मिमी खाली असतानाचे अंश नोंदवा. क्रँक फक्त पुढेच फिरवायचा असेल, तर दोन्ही नोंदी घेताना पिस्टन बोटांनी खाली दाबून धरा, म्हणजे बेअरिंगचा खेळ एकाच बाजूला राहतो. न दाबता उतरताना घेतलेल्या नोंदीत 0.05 मिमीचा खेळ शिल्लक राहिला, तर मध्य सुमारे 0.1 अंशाने सरकतो. इग्निशनसाठी हे चालेल, कॅम डायल करताना (कॅमचे टायमिंग अंशांत जुळवताना) चालू नये.

काही जण कॉम्प्रेशन गेज किंवा प्रेशर सेन्सर लावून सर्वाधिक दाब येतो तिथे टॉप मानतात. इंजिन फायरिंगशिवाय फिरवले, तरी दाबाचे शिखर टॉपच्या थोडे आधी येते. दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देते, थोडी रिंगांतून निसटते, त्यामुळे पिस्टन टॉपवर पोहोचण्याआधीच दाब उतरू लागतो. हा फरक इंजिनागणिक वेगळा असतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या भोकातून स्टॉप जातो, पण पिस्टन आणि हेडमधली जागा फार कमी असते आणि व्हॉल्व्ह जवळजवळ पिस्टनला लागून असतात, त्यामुळे घरी बनवलेला स्टॉप तिथे नको. नव्या इंजिनांत बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये लॉक पिनचे भोक असते, ती पिन कंपनीच्या मापाचीच वापरा.

चकतीचे शून्य हाती आले, की कंपनीची खूण तपासा. खूण 2-3 अंश दूर असेल, तर पुली सरकली असेल किंवा काटा वाकला असेल. फरक 15 अंशांच्या पुढे असेल, तर आधी आपलीच दोन्ही टोके पुन्हा मोजा, आणि मोजमाप बरोबर निघाले तर पुली भलतीच आहे किंवा तिची चावी गेली आहे. बेल्टचा दात सुटला म्हणून पुलीची खूण चुकत नाही, कारण पुली थेट क्रँकवर असते. सुटलेला दात कॅमच्या खुणेत दिसतो: क्रँकच्या दातेरी चाकाला 20 दाते असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. दोन वेगळ्या बिघाडांना एक समजून डिस्ट्रिब्युटर फिरवत बसण्यात पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातात.

नवी खूण बारीक फाइलने करा आणि पांढरा रंग भरा, छिन्नीचा घाव घालू नका. टायमिंग लाइटने पडताळणी सावलीत किंवा संध्याकाळी करा, नागपूरच्या दुपारच्या उन्हात त्याचा झोत पुलीवर दिसतच नाही. पुली रबराची असेल, तर हबवरून रबर ओलांडून बाहेरच्या कडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. काही आठवड्यांनी ती रेघ रबराजवळ तुटलेली दिसली, तर कडी अजून सरकते आहे. अशा पुलीवर कितीही अचूक खूण केली तरी ती टिकणार नाही, पुली बदला आणि नव्या पुलीवर मोजणी पुन्हा करा.